सायकल, मी आणि वळणावरचा तांबडा

तीनगिअर :
हा धागा डाव्या हाताने टंकतोय, चुका पोटात घाला. उजवं मनगट प्लास्टरमध्ये आहे. कारण कुत्रं. पण गंमत अशी की ते मला चावलेलं नाही. दात सोडा, नखही लागलेलं नाही.

झालं असं. रोज पहाटे तीसेक किलोमीटरची माझी फेरी असते. परतीच्या वाटेवर थोडा उतार आहे आणि उतार संपतो तिथे डावीकडे वळण. वळणावर एक तांबडं कुत्रं बसलेलं असतं. चार-पाच महिने आमचं एकमेकांशी काही देणंघेणं नव्हतं. मग एक दिवस ते भुंकलं. मी दचकून जोरात पायडल मारलं, ते थोडं अंतर मागे आलं आणि थांबलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आठवडाभरात अशी गत झाली की उतार लागला की माझे पाय आपोआप जोर धरायचे आणि तांबडा आधीच उठून उभा असायचा. माझी वाट बघत असल्यासारखा.

गेल्या मंगळवारी त्याच्याबरोबर आणखी दोन होती. या वेळी तांबडा मागून आला नाही, समोरून तिरका आला. मी त्याच्याकडेच बघत राहिलो. आपण जिकडे बघतो तिकडे सायकल जाते, हे मला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं. पुढचं चाक कडेच्या खडीत रुतलं आणि मी हँडलवरून पुढे. मी पडताक्षणी तिन्ही कुत्री चिडीचूप. तांबडा जवळ आला, हेल्मेट हुंगलं, आणि निघून गेला. दुखण्यापेक्षा अपमानच जास्त वाटला.

प्रश्न साधा आहे. प्लास्टर निघालं की मला त्याच रस्त्याने जायचंय. दुसरा रस्ता हायवेवरून जातो आणि तिथली वाहनं तांबड्यापेक्षा वाईट. तुम्ही काय करता? पळता, थांबता, ओरडता, काठी ठेवता? स्वतः करून पाहिलेलं सांगा, ऐकीव नको.

गतिमान :
पळायचं. दुसरा विचारच करायचा नाही. कुत्रं स्प्रिंटर असतं, लांब पल्ल्याचं नसतं. दोनशे मीटर दम धरलात तर ते कंटाळतं. मी गेली सहा वर्षं हेच करतोय, एकदाही चावलेलं नाही. उलट माझं इंटरव्हल ट्रेनिंग फुकटात होतं. तुमची चूक एकच, तुम्ही रस्त्याऐवजी कुत्र्याकडे बघितलंत.

चढावरचा :
गतिमान, वय काय हो तुमचं? विचारायचं कारण, माझं एकसष्ट आहे आणि माझ्या वाटेवरची कुत्री मुक्कामाला चढाच्या मधोमध असतात. तिथे माझा वेग ताशी नऊ. त्या वेगात पळायचं म्हणजे काय करायचं?

मी उतरतो. बरीच वर्षं उतरतोय. पद्धत सांगतो. कुत्रं दिसलं की, म्हणजे ते धावत सुटायच्या आधीच, वेग कमी करायचा. कुत्रं ज्या बाजूला असेल त्याच्या उलट बाजूला उतरायचं. सायकल मधे, आपण पलीकडे. मग चालायला लागायचं. पाठ दाखवायची नाही, डोळ्यांत डोळेही घालायचे नाहीत. तोंडाने काहीतरी बोलत राहायचं. मी 'काय रे, काय झालं, बस खाली' असलं काहीही बोलतो. बायको म्हणते घरी माझ्याशी एवढं प्रेमाने बोलत जा.

दहातल्या आठ वेळा कुत्रं गोंधळतं. जे सुसाट पळणार होतं ते उतरून चालायला लागलं, आता याचं करायचं काय, असं त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसतं. नवव्या वेळी ते भुंकत भुंकत हद्दीपर्यंत पोचवायला येतं. दहाव्या वेळी सायकल आडवी धरून उभं राहावं लागतं आणि खच्चून एकदाच 'हाड!' म्हणावं लागतं. एकदाच. सारखं ओरडत राहिलं की त्यांना वाटतं आपणही भुंकतोय.

गतिमान :
काका, चढावर तुमचं बरोबर. पण सपाटीवर रोज चार ठिकाणी उतरत बसलो तर माझी फेरी दुपारी संपेल.

हिशोबनीस :
दोघांच्या भांडणात आकडे घालतो. इथे लहानमोठ्या सगळ्या चर्चांत माझं हेच काम आहे.

साधं धडधाकट कुत्रं थोडा वेळ ताशी ३५ किलोमीटरच्या आसपास पळू शकतं असं धरू. (ग्रेहाउंड सोडा, ते सत्तरीच्या जवळ जातं.) गतिमान २५ ने चाललेत. फरक १० चा, म्हणजे सेकंदाला २.८ मीटर. कुत्रं २० मीटर मागे असताना सुटलं तर साधारण ७ सेकंदांत पोटरीपर्यंत पोचतं. तेवढ्यात गतिमान ५० मीटर पुढे सरकलेत. त्या ५० मीटरांत कुत्र्याची हद्द संपली तर गतिमान जिंकले. नाही संपली तर नाही.

आता तोच हिशोब १५ च्या वेगाला. फरक २० चा, सेकंदाला साडेपाच मीटर. पावणेचार सेकंदांत खेळ खलास, आणि तुम्ही जेमतेम १५ मीटर गेलात. चढावरच्या काकांच्या ९ ला मी हात लावत नाही.

यातली मेख अशी की हे गणित कुत्रं मागून येतंय असं धरून आहे. ते पुढून किंवा बाजूने आलं तर तुमचा वेग तुमच्याच विरुद्ध जातो. जितक्या जोरात जाल तितक्या लवकर ते पुढच्या चाकाखाली. वीस किलोचं जनावर पुढच्या चाकात आलं तर ते चावतंय की नाही हा प्रश्न उरत नाही. तीनगिअर यांचं मनगटही कुत्रं समोरून आल्यामुळेच गेलं. म्हणून पळायचा निर्णय फक्त एकाच स्थितीत शहाणपणाचा आहे. कुत्रं मागे पडलेलं आहे, रस्ता मोकळा आहे आणि उतार किंवा सपाटी आहे.

मागचंचाक :
या विषयात माणसाने किती डोकं खर्च केलंय याचा एक नमुना. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी फ्रान्समध्ये 'व्हेलो-डॉग' नावाचं खिशात मावणारं रिव्हॉल्व्हर निघालं होतं. व्हेलो म्हणजे सायकल, डॉग म्हणजे डॉग. खास सायकलस्वारांसाठी, कुत्र्यांपासून बचाव म्हणून. कॅलिबर साडेपाच मिलिमीटरच्या आसपास. ज्यांना खरी गोळी नको असेल त्यांच्यासाठी तिखटाची पूड भरलेली काडतुसंही मिळायची.

डोळ्यांपुढे चित्र आणा. मोठ्या मिशांचा गृहस्थ, खडबडीत रस्ता, एक हात हँडलवर, दुसरा हात खिशातलं रिव्हॉल्व्हर चाचपतोय, मागे कुत्रं. यात कुत्र्याला धोका सर्वांत कमी असणार यावर मी पैज लावायला तयार आहे.

गतिमान :
मिरचीच्या काडतुसांची कल्पना वाईट नाही पण.

मागचंचाक :
वारा समोरून असताना करून बघा आणि मग इथे लिहा. दिसलं तर.

ओलीमाती :
मी पशुवैद्य आहे आणि सायकलही चालवते, त्यामुळे दोन्ही बाजूंनी शिव्या खाते. तीनगिअर, तुमच्या पोस्टमध्ये एक वाक्य आहे जे तुम्ही सहज लिहिलंत, पण सगळी गोष्ट त्यातच आहे. 'माझी वाट बघत असल्यासारखा.' वाटच बघत होता तो.

कुत्र्याच्या बाजूने बघा. तांबडा त्याच्या जागेत बसलाय. एक वेगाने हलणारी, घरघर करणारी वस्तू त्याच्याकडे येते. वर चष्मा, हेल्मेट, वाकलेली पाठ. माणसाचा आकार त्यात नीट दिसतही नाही. तो भुंकतो. वस्तू पळून जाते. तुम्हाला माहीत आहे की तुम्ही घरीच निघाला होतात. त्याला काय माहीत? त्याच्या लेखी त्याने तुम्हाला हाकललं. दुसऱ्या दिवशी तुम्ही पुन्हा आलात, त्याने पुन्हा हाकललं. रोज सकाळी एक हमखास विजय. कुणाला नको असेल? पत्रं वाटणाऱ्यांच्या मागे जगभर कुत्री का लागतात, त्याचंही उत्तर हेच. तो रोज येतो आणि रोज 'पळून' जातो.

त्यात तुम्ही जोर लावलात की पाठलागाची जात्याच असलेली ओढ जागी होते. कुत्र्याची नजर रंगांना कमी आणि हालचालीला फार तेज असते. तुमच्या वर-खाली होणाऱ्या पोटऱ्या हे त्याला दिसणारं सर्वांत आकर्षक दृश्य. म्हणून उतरायला जमत नसेल तर निदान पायडल मारणं थांबवा, दोन्ही पाय एका पातळीत ठेवून सायकल नुसती जाऊ द्या आणि तोंडाने बोला. आवाज ऐकला की पुष्कळ कुत्र्यांना एकदम कळतं, अरे, हा तर माणूस. लाथ अजिबात मारू नका. कुत्र्यावर दया म्हणून सांगत नाही. पाय पायडलवरून काढला की तुमचा तोल अर्धा गेलेला असतो आणि कुत्र्याच्या तोंडात तुम्ही स्वतःहून पाय दिलेला असतो.

भुंकण्याबद्दल. भुंकणारं कुत्रं चावत नाही यात थोडंसं तथ्य आहे, पण ते भुंकत असतं तोवरच. मला भीती वाटते ती न भुंकणाऱ्याची. मान खाली, अंग ताठ, शेपूट वर आणि आखडलेली, नजर रोखलेली, तोंड बंद. हलणारी शेपूट म्हणजे मैत्री हाही गैरसमज आहे. ताठ शेपटीचा नुसता शेंडा थरथरत असेल तर ती मैत्री नाही. अशा कुत्र्यासमोर उतरा, सायकल आडवी धरा आणि एक-एक पाऊल मागे सरका.

उतरण्याला दोन अपवाद. पिलं जवळ असलेली आई. तिथे थांबून बोलत बसू नका, तिला फक्त अंतर हवं असतं. ते द्या, लांबून वळसा घेऊन चालू पडा. आणि दुसरा, पिसाळल्याची शंका येईल असं कुत्रं. लाळ गळतेय, जबडा लोंबतोय, चाल झोकांड्या खातेय, आवाज घोगरा झालाय, समोर येईल त्याला विनाकारण चावतंय. त्याला हद्दबिद्द काही नसते आणि तुमच्या बोलण्याचा उपयोगही नसतो. तिथे गतिमान यांचंच ऐका.

गतिमान :
धन्यवाद ताई. हा प्रतिसाद मी फ्रेम करून लावणार आहे. फक्त शेवटचं वाक्य.

शेपूटवाला :
मी कुत्रा पाळणारा. दगड मारायच्या आधी ऐकून घ्या.

आमचा कुत्रा घरात गाय आहे. मुलांनी कान ओढले तरी हूं की चूं करत नाही. दोन वर्षांपूर्वी फाटक उघडं राहिलं आणि त्याने एका सायकलवाल्या मुलीचा पाठलाग केला. ती पडली, गुडघे फुटले. मी धावत गेलो आणि माझ्या तोंडून पहिलं वाक्य काय निघालं असेल? 'घाबरू नका, तो काही करत नाही.' ती रक्ताळलेल्या गुडघ्यांनी माझ्याकडे बघत होती. अजून ते आठवलं की कानकोंडं होतं.

तो काही करत नव्हता हे खरंच होतं. पण ते कळायला तिने आधी पडायला हवं होतं का? तेव्हापासून फाटकाला आपोआप बंद होणारी स्प्रिंग आहे आणि फिरायला नेताना सायकल दिसली की मी त्याला कडेला बसवून ठेवतो. पाळणाऱ्यांनो, तुमचा कुत्रा तुमच्यासाठी गोड आहे. सायकलवरच्याला तो फक्त दातांचा एक जोड दिसतो.

आणि पाळीव कुत्रं मागे लागत असेल तर सायकलवाल्यांनो, एकदा थांबून मालकाला शांतपणे सांगा. भांडायला गेलात तर मालक कुत्र्याच्या बाजूने उभा राहतो. मी राहिलोच असतो.

डबलसीट :
माझ्या मागच्या सीटवर चार वर्षांची मुलगी असते. त्यामुळे माझ्यापुढे पळणं नाही आणि झटकन उतरणंही नाही. उतरताना मागचं वजन एका बाजूला जातं आणि सायकल कलते. तिचे पाय तर थेट कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीवर. वरची चर्चा वाचताना सारखं वाटत होतं, सगळे एकटेच आहेत.

मी रस्ता बदलला. सरळ. दीड किलोमीटर जास्त पडतं. काहींना हे हरल्यासारखं वाटेल, वाटू दे. वेळही बदलता येते. माझ्या आधीच्या रस्त्यावरची तीच टोळी पहाटे आणि दिवेलागणीला रस्ता अडवायची आणि भर दुपारी सावलीत अशी पडलेली असायची की चाक शेपटीजवळून गेलं तरी डोळा उघडायचा नाही.

मुलीला एकच शिकवलंय. कुत्रं जवळ आलं तर ओरडायचं नाही, पाय वर घ्यायचे आणि झाड व्हायचं. ती आता घरी अभ्यासाला बसवलं की झाड होते.

तीनगिअर :
खूप मोलाचं लिहिताय सगळे. एक बारीक शंका. मला चावलं नाही हे नक्की. कोपर मात्र चांगलाच सोलवटला होता आणि तांबडा हुंगायला आला होता. त्यात काही काळजीचं नाही ना? हाड जोडणाऱ्या डॉक्टरांना कुत्र्याबद्दल बोललोच नाही. लाज वाटली.

रात्रपाळी :
तीनगिअर, लाज नंतर. आधी एक सांगा. हुंगलं की चाटलं? आणि चाटलं असेल तर हेल्मेट की कोपर?

मी अपघात विभागात काम करतो, म्हणून विचारतोय. अखंड कातडीवर चाटलं तर फक्त धुऊन टाकायचं, रेबीजची (पिसाळण्याच्या रोगाची) लस लागत नाही. रक्त न येणारं ओरखडणं असेल तर लस लागते. रक्त येणारा चावा, किंवा सोलवटलेल्या, फुटलेल्या कातडीवर कुत्र्याची लाळ, हे सर्वांत वरच्या गटात धरतात. तिथे लस तर लागतेच, शिवाय जखमेतच आणि जखमेभोवती तयार प्रतिपिंडांचं (विषाणूशी लढणाऱ्या अँटीबॉडीजचं) इंजेक्शन द्यावं लागतं. लसीने शरीर स्वतःची प्रतिपिंडं बनवेपर्यंत दिवस जातात, तेवढ्या काळाचा तो पहारा. म्हणजे चावा न घेताही चावल्याइतकाच प्रकार होऊ शकतो, हे बहुतेकांना माहीत नसतं.

आणि ज्यांना खरोखर चावतं त्यांनी पहिली गोष्ट काय करायची? फोन नाही, फोटो नाही. नळ. वाहतं पाणी आणि साबण, पूर्ण १५ मिनिटं, घड्याळ लावून. १५ मिनिटं किती मोठी असतात ते नळाखाली पाय धरल्यावर कळतं, बहुतेक जण दोन मिनिटांत आवरतात. विषाणू जखमेतच धुऊन निघण्याची ही सर्वांत स्वस्त संधी आहे. मग जंतुनाशक, आणि मग तडक दवाखाना. जखमेवर स्वयंपाकघरातलं काहीही चोळू नका. टाके घालायची घाई करू नका. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते आठवत या.

रेबीजची लक्षणं सहसा दोन-तीन महिन्यांनी दिसतात, पण आठवड्यातही दिसू शकतात आणि वर्षानंतरही. एकदा दिसली की आमच्या हातात जवळजवळ काही उरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा वर्षाला सुमारे ५९,००० मृत्यूंचा अंदाज आहे आणि माणसाला होणाऱ्या रेबीजमध्ये ९९ टक्क्यांपर्यंत वाटा कुत्र्यांकडून आलेल्याचा. आणि हे सगळे मृत्यू वेळेवर टळू शकणारे. म्हणून 'कुत्रं ओळखीचं आहे, बघू दोन दिवस' हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. कुत्र्यावर १० दिवस लक्ष ठेवतात हे खरं, आणि ते १० दिवस ठणठणीत राहिलं तर पुढचे डोस थांबवता येतात का ते डॉक्टर ठरवतात. पण लस सुरू करून मग कुत्र्यावर लक्ष ठेवायचं. कुत्र्यावर लक्ष ठेवून मग लस नाही.

रोज कुत्र्यांच्या वाटेवरून जाणाऱ्यांनी आधीच लस घेऊन ठेवता येते का ते आपल्या डॉक्टरांना विचारा. दोन डोस, एका आठवड्याच्या अंतराने. मग चावलं तरी डोस कमी लागतात आणि ते प्रतिपिंडांचं इंजेक्शन लागत नाही. चावलं तर जावं मात्र लागतंच.

तीनगिअर :
हेल्मेट नक्की. कोपराचं नीट आठवत नाही. ओलं लागलं होतं, पण दव होतं की जीभ, सांगता येत नाही.

रात्रपाळी :
'सांगता येत नाही' याचं उत्तर आजच दवाखाना. उद्या नाही.

तीनगिअर :
जाऊन आलो. लस सुरू झाली, कोपरातही टोचलं. ते मनगटापेक्षा जास्त दुखलं. डॉक्टर म्हणाले, एवढे दिवस कुठे होतात. तुमचं नाव सांगता येत नव्हतं, म्हणून म्हटलं, एका ओळखीच्यांनी ओरडून पाठवलं.

चाकओले :
उपकरणांबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून माझा अनुभव. ते बटण दाबलं की माणसाला न ऐकू येणारा आवाज काढणारं यंत्र घेतलं होतं. तत्त्व खरं आहे, आपले कान २०,००० हर्ट्झला थकतात आणि कुत्र्याचे त्याच्या दुपटीपलीकडे जातात. पण आवाज ऐकू येणं वेगळं आणि त्याला भीक घालणं वेगळं. बसलेल्या कुत्र्याने कान हलवले. चेवात आलेल्याने काही म्हणजे काही केलं नाही. शिवाय ते खिशातून काढून रोखेपर्यंत, हिशोबनीस म्हणतात ती सात सेकंदं संपलेली असतात.

काठीही ठेवून पाहिली, दांडीला बांधून. एकदा काढायला गेलो तर चाकात गेली. बाकी तुमच्या कल्पनेवर सोडतो.

कामाला आली ती पाण्याची बाटली. पिचकारी नाकाच्या दिशेने. कुत्रं चमकतं, शिंकतं, दोन सेकंद थबकतं. त्या दोन सेकंदांत उतरा नाहीतर निघा. हाताला सवय असते, बाटली न बघता काढता येते, हा तिचा मोठा गुण. फक्त आत साखरेचं पाणी नको. मी एकदा ते उडवलं आणि दुसऱ्या दिवशी ते गृहस्थ ओठ चाटत हजर.

गतिमान :
खाऊ टाकून बघितलाय का कुणी?

चाकओले :
मित्राने बघितला. आता त्याच्यामागे सात लागतात. प्रेमाने. पण पुढच्या चाकाला प्रेम कळत नाही.

चढावरचा :
रिकाम्या हाताने खाली वाकून दगड उचलल्यासारखं करणं हे बाटलीपेक्षा जुनं हत्यार. दगड असायची गरजच नाही. पण हे उतरल्यावरच जमतं, आणि आपण थांबलो असताना जे शांत झालेलं आहे त्याच्यावर हे करू नका, उगाच चिडतं. मी वर्षात एखाददा करतो.

हिशोबनीस :
गटाने जाणाऱ्यांसाठी एक भर. कुत्र्याने गटातला पहिला कधीच धरलेला मी पाहिला नाही. पहिला त्याला उठवतो, चौथा-पाचवा भोगतो. आणि मधल्या कुणी घाबरून ब्रेक मारला की मागचे तिघं त्याच्यावर. पुढच्याने 'कुत्रं उजवीकडे' असं ओरडायचं, सगळ्यांनी वेग एकसारखा कमी करायचा, अंतर वाढवायचं. गटातून सुटून एकट्याने पळणं म्हणजे कुत्र्याला निवड सोपी करून देणं. (गतिमान, तुमच्याकडे बघून बोलत नाहीये. बघून बोलतोय.)

ओलीमाती :
यंत्र, काठी, बाटली यांत सगळे रमलेत, पण मूळ दुखणं आपल्या हँडलवर नाही. टोळीतल्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण झालेलं असलं की माजावरून होणारी भांडणं आणि पिलांच्या राखणीतून होणारे हल्ले कमी होतात. सुमारे ७० टक्के कुत्र्यांना लस मिळाली की रेबीजची साखळी तुटते. तुमच्या वाटेवर एक टोळी सतत अंगावर येत असेल तर जागा, वेळ आणि किती कुत्री आहेत एवढं लिहून जे खातं हे काम बघतं त्याला कळवा. 'कुत्र्यांचा फार त्रास आहे' असं मोघम लिहिलेल्या अर्जाचं कुणी काही करू शकत नाही. विष घालण्याच्या गोष्टी मात्र इथे कुणी काढू नयेत. क्रूर तर आहेच, शिवाय रिकाम्या झालेल्या जागेत नवीन, लस न दिलेली कुत्री येतात आणि तुमची ओळख पुन्हा पहिल्यापासून.

तीनगिअर :
(सात आठवड्यांनंतर)
प्लास्टर निघालं. मनगट अजून सकाळी कुरकुरतं. लसीचे डोस पूर्ण झाले. परवापासून सायकल सुरू केली आणि लिहिल्याशिवाय राहवत नाही.

पहिल्या दिवशी उतारावरच छातीत धडधड. खरं तर पाय पुन्हा जोर धरायला लागले होते, सवय कुठे जाते. ब्रेक दाबला, वळणाच्या बराच अलीकडे उतरलो, सायकल डाव्या हाताला घेतली. तांबडा उठला. भुंकत आला, दहा-बारा पावलांवर थांबला. काय बोलावं सुचेना, तर मी त्याला मनगटाची हकीकत सांगितली. एक्स-रेसकट. तो भुंकायचा थांबला नाही, पण आवाजातला जोर गेला. माझ्या पाठोपाठ वळणाच्या पुढच्या खांबापर्यंत आला आणि तिथे थांबला. खांब हीच त्याची हद्द आहे, हे मला पाच महिन्यांत कधी कळलं नव्हतं. मी त्या खांबाच्या पुढेही दोनशे मीटर जीव खाऊन पळत होतो.

दुसऱ्या दिवशी तो नुसता उभा राहिला. आज बसूनच एकदा भुंकला, हजेरी घेतल्यासारखा. उतरण्यात माझी दोन मिनिटं जातात. गतिमान, मोजली.

बाकीच्या दोघांपैकी एक दिसत नाही. दुसरं काळं आहे, वयाने लहान आहे आणि त्याला अजून काही ठाऊक नाही. आज सकाळी माझ्या पुढे एक मुलगा भरधाव गेला आणि काळं सुटलं त्याच्यामागे, खांब ओलांडून पार पुढच्या पुलापर्यंत. मुलगा वाचला. परतताना काळ्याची ऐट बघण्यासारखी होती.

गतिमान :
मुलगा पळाला आणि वाचला. नोंद घ्यावी.

चढावरचा :
उद्या त्याला खांबाजवळ गाठा आणि हा धागा दाखवा. आणि तीनगिअर, काळं कुठल्या बाजूला बसतं ते बघून ठेवा. तुम्ही सायकल डाव्या हाताला धरताय.

तीनगिअर :
उजव्या बाजूला बसतं. उद्यापासून हात बदलतो. उजव्या मनगटाला विचारून.